एमआरआयच्या खोलीतलं युनिक्स

आखातात, जाब्रियातल्या त्या डायग्नोस्टिक सेंटरमध्ये सर्फराज खतीबचं पद होतं आयटी ऑफिसर. पदाला ऑफिसर लावलं की एकटा माणूसही डिपार्टमेंट वाटतो, आणि सर्फराज एकटाच होता. कॉम्प्युटर, प्रिंटर, बोट लावून हजेरी घेणारं यंत्र, वेटिंग हॉलमधला टीव्ही, त्याच्या खालच्या माशांच्या टाकीचा पंप, मालकांच्या नातवाचा आयपॅड, यांतलं काहीही बंद पडलं की हाक त्यालाच. मासे मेले तर तेही नेटवर्कमुळेच, अशी रिसेप्शनची पक्की समजूत होती.

सेंटरचे ऑपरेशन्स हेड राहुल टिळेकर पुण्याचे. त्यांना यंत्रांतलं काही कळत नसे आणि रुग्णांतलंही फारसं नाही, पण मीटिंगमधलं सगळं कळे. कोणाचं वाक्य कुठे तोडायचं, कोणाची कल्पना कितव्या मिनिटाला आपली करायची, हे त्यांना श्वास घेण्याइतकं सहज जमे.

तळमजल्यावरचं एमआरआय मशीन जुनं होतं, पण अजून फोटो झकास काढायचं. थकला होता तो त्याच्या शेजारचा युनिक्स, म्हणजे विंडोजहून जुन्या वळणाचा, कॉम्प्युटर. जांभळट रंगाचा तो डबा मशीनबरोबरच आलेला. काढलेले सगळे फोटो त्याच्या पोटात साठायचे, आणि बाहेर यायचा त्यांचा एकच रस्ता होता. टेक्निशियन सीडी भरायचा, जिना चढून दुसऱ्या मजल्यावर डॉ. अबोली घाटगे यांच्याकडे न्यायचा, आणि त्या आपल्या कॉम्प्युटरवर फोटो बघून रिपोर्ट लिहायच्या. माहितीच्या महामार्गाबद्दल जग बोलत होतं, तेव्हा या सेंटरमध्ये माहिती चप्पल घालून जिना चढत होती.

मग सीडी लिहिणारा ड्राइव्ह कुरकुरायला लागला. मशीन विकलेल्या कंपनीला विचारलं, तर उत्तर आलं की फोटो नेटवर्कवरून पाठवायची सोय त्या काळी वेगळी विकत घ्यावी लागे, तुम्ही घेतली नव्हती, आता ती मिळत नाही. सोबत नव्या मशीनचं रंगीत माहितीपत्रक जोडलं होतं.

त्यावर मीटिंग झाली. त्या मीटिंगमध्ये सर्फराजने आयुष्यातली एक मोठी चूक केली. तो बोलला.

"सर, सांबा नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. ते युनिक्सवर बसवलं की त्यातला फोल्डर नेटवर्कवरच्या विंडोज कॉम्प्युटरला दिसायला लागतो. सीडीची गरजच नाही. वर मॅडमना त्यांच्या टेबलावरून फोटो उघडता येतील."

"लायसन्स?" राहुल सरांनी विचारलं.

"नाही. फ्री आहे."

राहुल सरांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं, की जणू ते जन्मभर याच शब्दाची वाट बघत होते. सर्फराजच्या लेखी फ्री म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं आणि सर्वांसाठी उघडं ठेवलेलं. राहुल सरांच्या लेखी फ्री म्हणजे पैसे लागत नाहीत, म्हणून वेळही लागत नाही, म्हणून माणूसही लागत नाही.

"मग उद्या करून टाक," ते म्हणाले. "फ्रीच तर आहे."

सेंटर सकाळी चालायचं आणि मग थेट संध्याकाळी. मधल्या दुपारी अख्खं जाब्रिया एसी लावून झोपायचं. रस्त्यावर एखादं मांजर गाडीखालच्या सावलीत पडलेलं, आणि तळमजल्यावर एमआरआय मशीनचा पंप एकसुरात चिवचिवत असलेला. सर्फराजला काम करायला तेवढाच वेळ मिळे. त्याने आधी युनिक्सच्या डिस्कची पूर्ण नक्कल काढून ठेवली, कारण तो डबा बसला असता तर सर्फराजला पुढच्याच विमानात बसवलं असतं.

मग त्याने सांबाचं सगळ्यात नवं रूप उतरवून घेतलं. ते तयार खायच्या पाकिटासारखं मिळत नव्हतं. या जुन्या युनिक्ससाठी पाकीट करणारे लोक कधीच दुसऱ्या कामाला लागले होते. जे मिळत होतं ते कच्चं सामान, म्हणजे मूळ कोड. तो आपल्याच मशीनवर शिजवावा लागतो, आणि शिजवायला कंपायलर लागतो. सर्फराजने कंपायलरला हाक मारली. डब्याने इंग्रजीत नम्रपणे कळवलं की भाषेचं ऐच्छिक पॅकेज बसवलेलं नाही. म्हणजे स्वयंपाकघराच्या दारावर पाटी होती, आत चूल नव्हती.

इंटरनेटच्या एका कोपऱ्यात कोणा पुण्यवान माणसाने जुन्या युनिक्सची पॅकेजं जपून ठेवली होती. तिथून त्याने कंपायलर आणला. तो बसेना, कारण डिस्क भरलेली. डिस्कवर काय आहे बघितलं, तर मशीन आल्यापासूनच्या प्रत्येक चुकीची नोंद. ती पुसली, कंपायलर बसला. मग सांबाचं गाठोडं सोडलं, तर युनिक्सच्या जुन्या टारला, म्हणजे गाठोडी सोडणाऱ्या प्रोग्रॅमला, लांब नावं झेपेनात. त्याने अर्ध्या फायलींची नावं मधेच तोडली आणि काही झालंच नाही अशा थाटात काम संपवलं. सर्फराजला क्षणभर राहुल सरांची आठवण झाली. नवा टार आणला. मग कळलं की नव्या सांबाला शिजायला पायथन नावाचं आणखी एक सॉफ्टवेअर लागतं. जुना पायथन चालत नाही, नवाच लागतो. नव्या पायथनला नवा कंपायलर लागतो. नव्या कंपायलरला शिजायला आणखी एक कंपायलर लागतो. एकेकाला आमंत्रण द्यावं आणि त्याने आपले सगळे मेहुणे घेऊन यावं, तसं चाललं होतं.

ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी राहुल सरांचा निरोप यायचा, "सांबा झाला?" त्याच्याखाली अकाउंट्सवाल्या मुली अंगठे टाकायच्या.

शेवटी सर्फराजने विचार बदलला. म्हाताऱ्या मशीनला म्हाताराच जोडीदार बरा, असं म्हणून त्याने सांबाची खूप जुनी आवृत्ती घेतली. ती जणू याच डब्यासाठी जन्मली होती. एका दुपारी ती शिजायला ठेवून तो बाहेर करक चहा प्यायला गेला, आणि परत आला तर काम झालेलं. सांबा चालू. डबा नेटवर्कवर आला होता. सर्फराजने ग्रुपवर आनंदाने लिहिलं, "चालू झाला सर, आता टेस्टिंग बाकी."

राहुल सरांनी वाक्याचा पहिला अर्धा भाग वाचला.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर केक आला. केकवर निळ्या क्रीमने 'गो लाइव्ह' लिहिलं होतं. सगळा स्टाफ जमला. राहुल सर डिजिटल भविष्याबद्दल बोलले, त्यात सर्फराजचं नाव 'आमची टीम' असं आलं. मग त्यांनी स्वतः डॉ. अबोलींच्या कॉम्प्युटरवर, सर्वांना दिसेल असं, फोल्डरवर दोनदा टिचकी मारली. विंडोजने थोडा विचार केला आणि जोडणी नाकारली. सरांनी पुन्हा टिचकी मारली. विंडोजने पुन्हा नाकारली, या वेळी विचारही न करता.

"सर, हा सांबा जुन्या बोलीत बोलतो," सर्फराज हळू आवाजात म्हणाला. "ती बोली सुरक्षित नाही म्हणून नव्या विंडोजने बंद केलीय. मी टेस्टिंग बाकी आहे असं..."

"मग विंडोजला ती बोली परत चालू करायला सांग."

"करता येतं सर, पण मग बाहेरचा कुठलाही व्हायरस त्याच दाराने आत येईल. पेशंटचा डेटा आहे."

राहुल सरांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू व्हायरस सर्फराजच्याच ओळखीचे आहेत. मग सगळ्यांनी केक खाल्ला. केक चांगला होता, पिस्त्याचा.

त्या दुपारी सरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. सर्फराजला वाटलं, आता बोलणी बसणार. पण सरांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. आवाज खाली आणला की ते जास्त मोठे वाटत.

"हे बघ सर्फराज, हे लवकर का पाहिजे ते तुला सांगतो. फोटो एकदा नेटवर्कवर आले की ते कुठेही पाठवता येतात ना? हैदराबादला एक कंपनी आहे. त्यांचे डॉक्टर तिथे बसून रिपोर्ट लिहितात. आपण फोटो पाठवायचे, ते रिपोर्ट पाठवणार, खाली सही आपले मालक, डॉक्टर अहमद, करणार. काय सुंदर आहे बघ!"

"आणि अबोली मॅडम?"

"त्यांचं कॉन्ट्रॅक्ट रमजाननंतर रिन्यू नाही करायचं. एका माणसाला एक अख्खी खोली, एक एसी, आणि वर रोज काही ना काही तक्रार. हे आपल्यातच हं."

सर्फराज खुर्चीतून उठला आणि दार ओढून बाहेर आला. गेल्या वर्षी बिल्कीसची, म्हणजे त्याच्या बायकोची, कंबर धरली होती. सगळ्यांनी सांगितलं, पाण्याची पिशवी घे आणि शेकत बस. एमआरआय काढला तो कंबरेसाठी, पण फोटोच्या अगदी कडेला, जिथे कोणी बघत नाही, तिथे मूत्रपिंडाला एक गाठ दिसतेय हे डॉ. अबोलींनी हेरलं. त्यांनी स्वतः फोन करून सर्जनची वेळ मिळवून दिली. गाठ वेळेत निघाली. आता त्याच बाईंची खुर्ची काढायचं काम सर्फराजच्या हातात आलं होतं, आणि ते फ्री होतं.

फिंतासला घरी पोचला तेव्हा बिल्कीस भाकरी थापत होती. तिने त्याच्या तोंडाकडे एकदा बघितलं.

"अवो, काय झाला? कोणाशी वाजला का?"

त्याने सगळं सांगितलं. त्यांची लुबना टेबलावर अभ्यास करत होती. तिने मान वर न करता निकाल दिला, "डॅड, दॅट इज सो मीन."

"मी नाय काय केलं अजून," सर्फराज म्हणाला.

"मंग करू नका," बिल्कीस म्हणाली. "त्या मशीनला सांगा, नाय चालत म्हणून. तुमच्या सायबाला काय कळताय त्यातलं?"

सल्ला सोपा होता. सर्फराजने तो पाळायचं ठरवलं. पुढचे काही दिवस तो दुपारी एमआरआयच्या खोलीत जाऊन बसे, स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत हिरवी अक्षरं पळवत ठेवी आणि राहुल सर डोकावले की कपाळाला आठ्या घाली. एकदा तर त्याने सहा खिडक्या उघडल्या. सर तेवढ्यानेच दबून दारातून परत गेले. काम न करण्याचा पगार घेणं इतकं कष्टाचं असतं हे त्याला माहीत नव्हतं. राहुल सरांबद्दल त्याला पहिल्यांदाच थोडा आदर वाटला.

पण माणसाचं डोकं सांगितलेलं ऐकत नाही. एकदा घरी जाताना फहाहीलच्या रस्त्यावर धुळीच्या वाऱ्यात गाड्या मुंगीच्या चालीने सरकत होत्या, आणि सर्फराजच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. नवा सांबा पायथन मागतो. जुना सांबा जुनी बोली बोलतो. या दोघांच्या मधे कोणी असेल का? पायथन न मागणारा, तरी नवी बोली शिकलेला? आणि त्याला एकदम आठवलं. होता. सांबा तीन पॉइंट सहा. जुन्या घराण्यातला शेवटचा शहाणा. तो जुन्या पद्धतीनेच शिजायचा आणि त्याला विंडोजची नवी बोलीही येत होती, फक्त ती बोलायची परवानगी एका ओळीत लिहून द्यावी लागे.

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. पुढचा रस्ता कधीच मोकळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नुसतं बघू तरी, म्हणून त्याने ती आवृत्ती आणली. नुसतं बघू तरी म्हणून शिजवली. दोन ठिकाणी अडली, तिथे कोडातल्या ओळी हाताने दुरुस्त केल्या. सेटिंगमध्ये ती एक ओळ लिहिली. मॅडमच्या नावाने पासवर्ड केला, आणि फोटोंचा फोल्डर फक्त वाचता येईल, पुसता येणार नाही, असा ठेवला. मग आपल्या लॅपटॉपवर टिचकी मारली. फोल्डर उघडला. आत कोणाचा तरी गुडघा, कोणाचा तरी मणका, सगळं स्वच्छ, सगळं जागच्या जागी.

सर्फराज एकटाच हसला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. त्याने सांबा बंद केला, लॅपटॉप मिटला आणि जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेला.

डॉ. अबोली दुपारीही घरी जात नसत. रुमैथियाच्या फ्लॅटवर एकटीने जाऊन करायचं काय, असं त्या म्हणत. खोलीतला दिवा मंद करून त्या कुणाची तरी कवटी बघत होत्या.

"या सर्फराजभाई. सीडी घेऊन आज तुम्हीच?"

"नाही मॅडम. बोलायचं होतं." त्याने दार लावलं. मग काय बोलायचं ते जिन्यात जुळवलेलं सगळं विसरला आणि सरळ सांगून टाकलं. हैदराबाद, रमजान, कॉन्ट्रॅक्ट, सगळं. "आणि मॅडम, ते सॉफ्टवेअर चालू झालंय. मी बंद करून आलोय. तुम्ही म्हणाल तर ते कधीच चालणार नाही. मी सांगेन, मशीन फार जुनं आहे."

डॉ. अबोलींनी खुर्ची वळवली. त्या चिडतील, रडतील, निदान गप्प होतील, असं त्याला वाटलं होतं. त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"अहो, चालू करा ते! आजच्या आज चालू करा."

"काय?"

"मी दोनदा राजीनामा दिलाय. दोन्ही वेळा डॉक्टर अहमदनी तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाले, इन्शाअल्ला, नंतर बघू. माझा मुलगा कोल्हापुरात अकरावीला गेलाय. तो माझ्याशी फोनवर पाहुण्यासारखा बोलतो. मला जायचंय हो घरी. पण डॉक्टरांच्या आईंना माझ्याशिवाय कोणाचा रिपोर्ट पटत नाही, म्हणून मला सोडत नाहीत. आता तुमचे साहेब स्वतःच मला काढणार म्हणतात. कागद तेच करणार, सह्या तेच आणणार. यापेक्षा चांगलं काय?"

"पण मॅडम, तुमचं काम?"

"ती हैदराबादची कंपनी ना? त्यांनी मला दिवाळीतच विचारलंय. घरी बसून रिपोर्ट लिहायचे. त्यांना आखातातल्या हॉस्पिटलांची सवय असलेले लोक हवेत." त्या पुढे झुकल्या. "एकच करा. फोटो पूर्ण जातील असं बघा. कोणी लहान करून पाठवा म्हटलं तर ऐकू नका. कडेचं काही राहून गेलं तर चालणार नाही."

"नाही राहणार," सर्फराज म्हणाला. त्याने उगाचच त्यांच्या प्रिंटरचं झाकण उघडून बंद केलं.

सांबा दुसऱ्याच दिवशी चालू झाला. या वेळी केक आला नाही, राहुल सरांनी आधी तीन वेळा बघून घेतलं. मात्र फोल्डर उघडल्यावर त्यांनी ताबडतोब स्वतःचा फोटो काढवून घेतला, एका हातात टॅब आणि मागे एमआरआय मशीन. तो फोटो लिंक्डइनवर गेला. खाली लिहिलं होतं की शून्य गुंतवणुकीत परिवर्तन शक्य असतं, फक्त दृष्टी हवी. टॅब बंद होता, पण दृष्टी चालू होती. सर्फराजला एक प्रमाणपत्रही मिळालं. त्यावर त्याचं आडनाव 'खातीब' पडलं होतं आणि कामाचं नाव 'सांबर इम्प्लिमेंटेशन'. त्याने ते घरी नेलं नाही.

रमजाननंतर डॉ. अबोलींचा निरोप समारंभ झाला. राहुल सरांनी फार भावूक भाषण केलं. आम्ही एक कुटुंबीय गमावतोय, असं म्हणताना त्यांचा आवाज खरोखर कापला. ज्याने स्वतःच्या हाताने कागद पुढे सरकवले त्याचाही आवाज असा कापू शकतो, हे बघून सर्फराज थक्क झाला. मॅडमनी सगळ्यांचे आभार मानले, राहुल सरांचे तर दोनदा. सर्फराजने त्यांना एअरपोर्टवर सोडलं. बिल्कीसने केलेल्या सांदणांचा डबा त्यांनी हातातल्या पिशवीत ठेवला. एवढं सामान कस्टमवाले उघडतील, डबा आधी संपवते, असं म्हणून गेटपाशीच एक खाल्लं.

मग हैदराबादहून रिपोर्ट यायला लागले. पहिल्या आठवड्यातच राहुल सर खुशीत होते. "बघितलंस? काय क्वालिटी आहे! अबोली मॅडमचे रिपोर्ट असे कुठे असायचे? प्रोफेशनल म्हणजे प्रोफेशनल."

सर्फराजने रिपोर्टच्या तळाशी बघितलं. डॉक्टर अहमदच्या सहीखाली बारीक अक्षरांत रिपोर्ट लिहिणाऱ्याची आद्याक्षरं होती. ए. जी. त्याने मान डोलावली. "हो सर. फरक पडलाच."

फरक एवढाच पडला होता की पूर्वी राहुल सर वर जाऊन, मॅडम, हा पेशंट व्हीआयपी आहे, याचा आधी बघा, असं सांगत. आता त्यांना कंपनीच्या पोर्टलवर विनंती नोंदवावी लागे. विनंतीला नंबर मिळे. तातडी असेल तर जास्त दर. राहुल सरांना सगळ्याचीच तातडी असे.

हे असंच चाललं असतं. पण डॉक्टर अहमद लंडनहून परतले. सेंटर त्यांचं होतं, पण ते उन्हाळाभर तिकडे असत आणि इथली सही ऑनलाइन करत. राहुल सर पाठवत ते ते कागद ते न वाचता सही करून परत पाठवत, कारण विश्वास ही त्यांची सवय होती. येताना त्यांनी आपल्या आईला सेंटरमध्ये आणलं. आजीबाईंचा गुडघा पुन्हा दुखत होता. काळ्या अबायातल्या त्या ठेंगण्या बाई व्हीलचेअरवरून सगळ्यांना दुवा देत आत आल्या, एमआरआय झाला, आणि बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "वेन दुक्तोरा?" म्हणजे, डॉक्टरीणबाई कुठे आहेत?

डॉक्टर अहमदनी राहुल सरांकडे बघितलं. राहुल सरांनी सर्फराजकडे बघितलं. सर्फराजच्या मागे फक्त माशांची टाकी होती.

"डॉक्टर अबोली सुट्टीवर आहेत?" डॉक्टर अहमदनी इंग्रजीत विचारलं.

"सर, आपण मॉडेल बदललंय," राहुल सर म्हणाले. "मी पाठवलं होतं तुम्हाला. ऑप्टिमायझेशन. रिपोर्टिंग आता बाहेरून होतं. अबोली मॅडम... त्या आता आपल्याकडे नाहीत."

"तुम्ही तिला जाऊ दिलं?" डॉक्टर अहमदचा आवाज चढला नाही, पण रिसेप्शनवरच्या मुलीने टायपिंग थांबवलं. "मी तिचा राजीनामा दोनदा ड्रॉवरमध्ये ठेवला. माझ्या आईने तिला मुलगी म्हटलंय."

आजीबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण नाही हा शब्द कोणत्याही भाषेत कळतो. त्यांनी अबायाचा पदर डोळ्यांना लावला.

सर्फराजला आता बोलावं की नाही कळेना. मागे एकदा बोलून काय झालं होतं ते तो विसरला नव्हता. पण म्हातारीचा रडवेला चेहरा बघवेना.

"डॉक्टर," तो म्हणाला, "आजींचा रिपोर्ट अबोली मॅडमच लिहिणार आहेत. आपले सगळे रिपोर्ट त्याच लिहितात. त्या हैदराबादच्या कंपनीत आहेत. कोल्हापूरहून."

राहुल सरांच्या तोंडाचा आ वासला, आणि तो मिटायचं काम त्यांनी कोणावर सोपवलं नसल्याने तसाच राहिला.

सर्फराजने फोन काढून व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे डॉ. अबोली दिसल्या, केस बांधलेले, मागे भिंतीवर मुलाच्या कॉलेजच्या वेळापत्रकाचा कागद, आणि स्वयंपाकघरातून कुकरच्या शिट्ट्या. त्यांनी म्हातारीला बघून दोन्ही हात वर केले आणि आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत आजारपण, गुडघा, मुलंबाळं, सगळ्यांची चौकशी केली. म्हातारी रडता रडता हसायला लागली. डॉ. अबोलींनी मग आपल्या कॉम्प्युटरवर तिच्या गुडघ्याचे फोटो उघडले. तळमजल्यावरच्या त्या जांभळट डब्यातून निघून ते एव्हाना कोल्हापुरात पोचले होते, जसेच्या तसे, कडेसकट.

"झीज आहे, पण शस्त्रक्रिया नको," त्या डॉक्टर अहमदना इंग्रजीत म्हणाल्या. "आणि एक. बाहेरच्या बाजूला छोटी पाण्याची गाठ आहे. काळजीचं नाही, पण सहा महिन्यांनी परत बघू."

डॉक्टर अहमदनी मान हलवली. फोन म्हातारीच्या हातात देऊन ते राहुल सरांकडे वळले.

"म्हणजे तीच डॉक्टर, तेच फोटो, तेच रिपोर्ट. आणि आपण मधे एका कंपनीला ठेवलं. कशासाठी?"

"ऑप्टिमायझेशनसाठी सर."

"कमी खर्च होतो?"

राहुल सरांना खोटं बोलायचं होतं, पण नेमकं त्याच वेळी अकाउंट्सवाली मुलगी मान वर करून बघत होती. "तातडीचे धरले तर... थोडा जास्त, सर."

राहुल सरांचं पुढे काय झालं, असं कोणाला वाटेल. काही झालं नाही. अशा माणसांचं काही होत नसतं. सालमियाला सेंटरची नवी शाखा निघणार होती, तिची जबाबदारी त्यांना देण्यात आली. तिथे अजून एकही रुग्ण नव्हता, यंत्र नव्हतं आणि डॉक्टरही नव्हता, त्यामुळे बिघडवण्यासारखं काही नव्हतं. ते रोज तिथे जाऊन फरशांचा रंग ठरवत.

डॉक्टर अहमदनी कंपनीशी नवा करार केला, त्यात डॉ. अबोलींचं नाव स्पष्ट लिहून घेतलं, आणि सर्फराजला बोलावून विचारलं की हे सगळं ज्या सॉफ्टवेअरवर चालतं ते लिहिलं कोणी.

"जगभरच्या लोकांनी, डॉक्टर. त्यांना आपण ओळखत नाही."

"त्यांना काही द्यावं लागतं?"

"द्यावं लागत नाही. देता येतं."

डॉक्टर अहमद म्हणाले, "मग द्या." आणि म्हातारीला गाडीत बसवायला खाली गेले. ती अजून फोन सोडायला तयार नव्हती, आणि पलीकडून डॉ. अबोली तिला तिसऱ्यांदा सांगत होत्या की जिना चढताना आधी चांगला पाय वर टाकायचा.